प्लाझ्मा, फायब्रिनोजेन आणि घोणशीचं विष

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्ताच्या नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून, नुकतीच काढलेली ही नळी पाहा. तळाशी गडद लाल पेशी, मध्ये पांढुरका पातळ पापुद्रा आणि वर पिवळसर द्रव. हा द्रव म्हणजे प्लाझ्मा, रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग.

त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच. त्यात क्षार, साखर, युरिया, हॉर्मोन्स विरघळलेले असतात आणि दर १०० मिलिलिटरमागे ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं. निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा. ते पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते फार घटलं की पायांवर सूज येते, पोटात पाणी साठतं.

फायब्रिनोजेन त्या मानाने अगदी थोडं, १०० मिलिलिटरमध्ये २०० ते ४०० मिलिग्रॅम. पण रक्त गोठताना जाळं तयार होतं ते याचंच. ते संपलं तर काय होतं, हे घोणस चावलेल्या रुग्णात दिसतं. विष रक्तवाहिन्यांच्या आतच गोठण्याची प्रक्रिया सुरू करून देतं आणि फायब्रिनोजेन संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहत राहतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. शिरेतलं २ मिलिलिटर ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त ओघळलं, तर विषाने गोठणं बिघडवलंय. गुठळी जागची हलली नाही, तरी दर अर्ध्या तासाने चाचणी पुन्हा करायची, कारण विष उशिराही भिनतं. प्लास्टिकची नळी चालत नाही. गोठण्याला चालना मिळते ती काचेच्या स्पर्शाने. साबणाने धुतलेली तर नकोच. साबणाचा अंश राहिला, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही.

अशा वेळी नुसती प्लाझ्माची पिशवी लावून भागत नाही. विष मोकळं आहे तोवर नवं फायब्रिनोजेनही खर्ची पडतं. आधी प्रतिविष, आणि तेही प्लाझ्मातूनच मिळतं: घोड्यांना विषाच्या चढत्या मात्रा देतात, प्रतिपिंडं, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिनं, तयार झाली की रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशकं केलं आहे. घोड्याचं प्रथिन काहींना सोसत नाही, तीव्र अ‍ॅलर्जी येते; म्हणून अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवल्याशिवाय प्रतिविष सुरू करू नये.

त्यानंतर सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी. विष निकामी झाल्यावर यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला साधारण एवढा वेळ लागतो. तेव्हाही रक्त पातळच राहिलं, तर प्रतिविषाची मात्रा पुन्हा द्यावी लागते.