डोळा एक, बाग अख्खी

[दृश्य: रोपवाटिका. कलमाचा चाकू, जंभेरीचे खुंट.]

वरुड तालुक्यातलं शेंदुरजना घाट. थंडीत इथल्या रोपवाटिकांमध्ये हात थांबत नाहीत. जंभेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर, टी आकाराचा छेद, सालीखाली नागपुरी संत्र्याचा एक डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, वरून प्लास्टिकची पट्टी. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडून बघतात. "डोया हिरवा हाये, तं कलम लागली समजा."

या डोळ्याचं झाड मूळ झाडासारखीच संत्री देणार, या भरवशावर शेतकरी कलमेचे पैसे मोजतो. त्यामागे आहे पेशींचं सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या हुबेहूब दोन पेशी होणं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या पेशी.]

हे मात्र कांद्याच्या मुळाचं टोक आहे. संत्र्याची गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहणारे डीएनएचे धागे, फार बारीक, कांद्याची ठसठशीत दिसतात. काम दोन्हीकडे सारखंच.

संत्र्याच्या पेशीत गुणसूत्रं 18. विभागणीच्या आधीच डीएनएची पूर्ण नक्कल झालेली असते. मग एकेक गुणसूत्र आखडून जाड होतं आणि दिसतं, ते दोन जुळ्या धाग्यांचं, एका जागी जोडलेलं. केंद्रकाचं आवरण विरघळतं. गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून आलेले तंतू प्रत्येक जोडीतला एकेक धागा पकडतात. सगळ्या जोड्या दोन्हीकडून पकडल्या जाईपर्यंत पेशी थांबून राहते. खरी कमाल या थांबण्याचीच. एकही जोडी सुटली, तर त्या पेशीची पुढची सगळी पिढी चुकीची.

मग जोड सुटतो. 18 इकडे, 18 तिकडे. मध्ये नवी भिंत, आणि एकाच्या दोन पेशी. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशींत हे धागे टिपले आणि 1882 मध्ये सविस्तर मांडले.

[दृश्य: कलमेचा सांधा, जवळून.]

सालीखालच्या पेशी अशाच वाढून डोळा आणि खुंट सांधतात. पण दोघांची सरमिसळ होत नाही. जंभेरीतही गुणसूत्रं 18च, जनुकं मात्र तिची. सांध्याच्या वर संत्रा, खाली जंभेरी, झाड म्हातारं झालं तरी.

[दृश्य: जंभेरीच्या रोपांचे वाफे.]

आणि हे खुंट तर बियांपासून केलेले, तरी एकसारखे कसे? जंभेरीच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं निघतात. त्यातली बहुतेक परागाच्या जनुकांशिवाय, बीजांडातल्या आईच्याच पेशींतून तयार झालेली असतात. परागातून आलेलं रोप वाफ्यात बहुधा वेगळं उठून दिसतं, खुजं किंवा पानानं निराळं. रोपवाटिकेतली माणसं ते उपटून बांधावर टाकतात.