बिल्ल्याच्या कडेवरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक चांदीचा बिल्ला असायचा. आजी त्यालाही हळदकुंकू वाहायची. "तुझ्या आजोबांचे चुलते जंगी पलटणीत होते. बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत," एवढंच तिला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मी तो बिल्ला चिंच लावून घासला. एका अंगाला पंचम जॉर्ज बादशहाचं मुंडकं, दुसऱ्या अंगाला उघडाबोडका घोडेस्वार. खरं धन मात्र कडेवर निघालं. भिंग धरलं तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. तुमच्या घरी असा बिल्ला असेल, तर आधी त्याची कड बघा. दुष्काळात अशी किती चांदी सोनाराच्या मुशीत गेली असेल, देव जाणे!

जंगी पलटण म्हणजे तेव्हाची 103वी मराठा. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, तब्बल 147 दिवस. दाणागोटा संपत आला, घोडी कापली गेली. पण कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं.

महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांच्या नोंदी फुकट शोधता येतात. मी आडनाव घातलं, काहीच येईना. गोऱ्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं; चव्हाणांचं 'चावन' केलेलं. शेवटी बिल्ल्यावरचा नंबर आणि पलटण घातली, तेव्हा नोंद उघडली. वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळं आमचंच. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. नाव राहिलं ते वहीत. याचा राग मला अजून येतो.

नोंदीत मृत्यूची तारीखही होती, ऑगस्ट 1916 मधली. म्हणजे कुत पडल्यावर जवळजवळ चार महिने ते कैदेत जिवंत होते. घरात हे कुणालाच कळलं नव्हतं. तिथी माहीत नाही म्हणून इतकी वर्षं त्यांचं पान सर्वपित्रीलाच वाढलं जायचं.

मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी तारखेवरून तिथी काढली, श्रावण वद्य षष्ठी. यंदा पितृपंधरवड्यात आईने षष्ठीला वेगळं पान वाढलं. बिल्ला पानाशेजारी ठेवला, कड वर करून.