ब्रुकिंग्जला गेलेली तलवार

नमस्कार श्रोतेहो. युद्धावरची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. आज मला बोलायचंय युद्धानंतरच्या सैनिकाबद्दल. पोशाख उतरवून तो घरी येतो आणि बहुतेक वेळा गप्प राहतो. पण एखादा असाही निघतो की ज्यांच्यावर शस्त्र चालवलं, त्यांच्याच दारात पुन्हा जाऊन उभा राहतो. अशाच एका जपानी वैमानिकाची गोष्ट सांगतो. नाव नोबुओ फुजिता.

१९४२ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले. जपानला प्रत्युत्तर द्यायचं होतं. आय-२५ नावाची पाणबुडी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ गेली. तिच्या डेकवरच्या बंदिस्त खोलीत एक लहानसं विमान पंख आवळून ठेवलेलं होतं. ९ सप्टेंबरच्या पहाटे फुजिता आणि त्याचा एक साथीदार त्या विमानातून उडाले आणि ऑरेगन राज्यातल्या ब्रुकिंग्ज गावाजवळच्या जंगलावर त्यांनी आगलावे बॉम्ब टाकले. जंगलं पेटवायची, लोकांत घबराट पसरवायची, असा बेत होता. पण रान पावसानं भिजलेलं होतं. आग जेमतेम लागली आणि वनखात्याच्या माणसांनी ती विझवली. त्याच महिन्याच्या अखेरीस फुजिता पुन्हा येऊन बॉम्ब टाकून गेला, त्याचाही काही उपयोग झाला नाही. माणूस एकही दगावला नाही. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, एकही नाही. तरी त्या माणसाच्या मनातून ते रान कधी गेलं नाही.

युद्ध संपलं. फुजितानं हार्डवेअरचं दुकान टाकलं, संसार केला. अमेरिकेवर बॉम्ब टाकल्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि १९६२ साली ब्रुकिंग्जहून आमंत्रण आलं! गावात अझेलियाच्या फुलांचा उत्सव भरतो, त्याला पाहुणे म्हणून या, असं तिथल्या तरुणांच्या एका संस्थेनं कळवलं होतं. तेव्हा कुठे घरच्यांना सगळं समजलं. तिकडे ब्रुकिंग्जमध्येही सगळे खूश नव्हते. युद्धात जवळची माणसं गेलेल्यांना हा पाहुणा कसा रुचावा? विरोध झाला, उघडपणे झाला. त्या विरोध करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं.

आता तलवारीकडे येऊ. फुजिताच्या घराण्यात ४०० वर्षांची सामुराई तलवार होती. ज्यांच्याकडे दसऱ्याला जुनी तलवार पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात, त्यांना अशा वस्तूचं मोल वेगळं सांगायला नको. ती सहसा उंबऱ्याबाहेर जात नाही. फुजितानं ती युद्धभर जवळ बाळगली होती. तीच घेऊन तो पत्नी आणि मुलासह ब्रुकिंग्जला निघाला. का? त्याच्या मुलीनं पुढे सांगितलं ते ऐका. गावानं माफ केलं तर तलवार गावाला द्यायची. लोक संतापले, धिक्कार झाला, तर त्याच तलवारीनं तिथेच स्वतःचं पोट फाडून घ्यायचं. म्हणजे तलवार एकच आणि तिचं काय करायचं ते गावानं ठरवायचं. मला या गोष्टीत सर्वांत मोठं वाटतं ते हेच. क्षमा मागणाऱ्यानं निकाल आपल्या हातात ठेवला नाही, समोरच्याच्या हातात दिला.

गावानं त्याला उत्सवात फिरवलं, मानानं वागवलं. फुजितानं तलवार गावाला दिली. आज ती ब्रुकिंग्जच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. जपानबद्दलची पुस्तकं मुलांना मिळावीत म्हणून त्यानं या ग्रंथालयाला पैसेही दिले. इथे जरा थांबून मनातलं बोलतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी वाचनालय म्हणजे चार वर्तमानपत्रं आणि कुलूपबंद कपाटं. मुलांसाठी पुस्तकं घ्यायची म्हटलं की निधी नाही. देणगी द्यायची तर अशी द्यावी, मुलांच्या कपाटाला. आणि इतिहासाच्या पुस्तकात लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात, पण तहानंतर लढणाऱ्यांनी काय केलं यावर एखादा तरी धडा हवा की नको?

असो. निघताना फुजितानं शब्द दिला होता की ब्रुकिंग्जच्या विद्यार्थ्यांना जपान दाखवीन. पुढे धंदा बुडाला, हात रिकामे झाले. तरी माणूस शब्द विसरला नाही. १९८५ साली ब्रुकिंग्जच्या शाळेतल्या ३ मुली त्याच्या आमंत्रणावरून जपानला जाऊन आल्या. तेवीस वर्षांनी, श्रोतेहो! १९९२ मध्ये तो पुन्हा ब्रुकिंग्जला गेला आणि जिथे बॉम्ब पडला होता तिथे त्यानं रेडवूडचं रोप लावलं. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी तो वारला. शेवटच्या दिवसांत गावानं त्याला मानद नागरिक केलं होतं. पुढच्या वर्षी मुलीनं त्याच्या काही अस्थी त्याच जागी नेल्या.

घड्याळ पुढे सरकलंय, म्हणून दुसरं उदाहरण थोडक्यात. चक सर्सी व्हिएतनाम युद्धात, १९६७-६८ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात सायगॉन शहरात होते. १९९५ साली ते व्हिएतनामला परत गेले आणि अपंग मुलांना कृत्रिम अवयव मिळवून देण्याच्या कामात पडले. २००१ पासून तिथल्या क्वांग त्री प्रांतात त्या युद्धातले, जमिनीत दडलेले, न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करण्याचं काम त्यांनी तिथल्या लोकांबरोबर उभं केलं. शेतात नांगर घालताना, पोरं खेळताना ते बॉम्ब फुटतात. म्हणून शाळाशाळांतून मुलांना सांगतात : ओळखीची नसलेली लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. हे काम एका माणसाच्या आयुष्यात आटोपणारं नाही. बॉम्ब शोधणाऱ्या पथकांत आता क्वांग त्रीचेच तरुण-तरुणी आहेत आणि ते त्यात तरबेज झाले आहेत.

नमस्कार.