गोबरगॅसच्या टाकीत आत काय चालतं

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गोठ्याशेजारी गोबरगॅसची टाकी दिसते, आणि त्यातल्या काही बंद पडलेल्याही दिसतात. बांधकाम शाबूत, शेण भरपूर, तरी शेगडी पेटत नाही. अशा वेळी दोष बहुधा टाकीतल्या सूक्ष्मजीवांच्या कामात असतो. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

शेगडीत जळतो तो वायू म्हणजे मिथेन. शेणाचा थेट मिथेन होत नाही. टाकीत हवा नसते आणि तिथे एकामागे एक चार टोळ्या काम करतात. पहिली टोळी शेणात उरलेला चारा, पिष्ट, प्रथिनं फोडून पाण्यात विरघळणारे पदार्थ करते. दुसरी त्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांपासून अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि हायड्रोजन तयार करते. चौथी टोळी मिथेन करणाऱ्यांची. हे जीव जिवाणूंतही मोडत नाहीत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी 1977 साली त्यांचा गटच निराळा असल्याचं दाखवलं, त्या गटाला आर्किया म्हणतात. साधारण 70 टक्के मिथेन ते अ‍ॅसिटिक आम्ल फोडून करतात, बाकीचा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून. हायड्रोजन त्यांनी वेळेवर संपवला नाही, तर तिसऱ्या टोळीचंही काम अडतं.

आता नीट ऐका. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात, कारण या कामातून त्यांच्या पदरात ऊर्जा फार थोडी पडते. त्यात हवा लागली की त्यांचं काम बंद. टाकीचे बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात.

समजा, लग्नातली उरलेली वरण-बट्टी एकदम टाकीत ओतली. आम्लवाले तुटून पडतात, मिथेनवाल्यांना तेवढं आम्ल संपवता येत नाही. सामू (pH, आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) 6.5 च्या खाली गेला की ते आणखी मंदावतात. घुमटात वायू भरतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. ज्योत लागते, उचलली जाते, विझते. निर्गमाच्या कुंडीत बाहेर पडणाऱ्या रबडीला, म्हणजे शेण-पाण्याच्या काल्याला, आंबट, उग्र वास येतो. नीट पचलेल्या रबडीला असा वास नसतो, तिच्यावर माश्याही फारशा बसत नाहीत.

अशा वेळी भरणं आठवडाभर थांबवा. गावातल्या चालू टाकीतली पाच-सहा बादल्या रबडी आणून टाका. सामूची पट्टी रबडीत बुडवून पाहा. 6.8 ते 7.5 च्या दरम्यान आला की आधी निम्मं शेण, मग हळूहळू पूर्ण. चुन्याची घमेली मात्र ओतू नका. चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, बंद घुमटातला दाब एकदम उतरतो आणि खाली गाळ साचतो तो वेगळाच.

मापं सांगतो. रोज दोन घनमीटर वायू देणाऱ्या टाकीला दररोज 50 किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच ढोरांचं. तेवढंच, 50 लिटर पाणी. एक किलो शेण सुमारे 40 लिटर वायू देतं. आपल्या हवामानात शेण आत 40 दिवस राहिलं पाहिजे. रोजची 100 लिटर रबडी धरली तर पोटात 4,000 लिटरची जागा हवी. पाणी जास्त घातलं की शेण पचायच्या आतच बाहेर पडतं आणि मंद वाढणारे मिथेनवालेही त्याच्याबरोबर वाहून जातात. शेण कालवताना गोठ्यातली माती, खडे काढा. ते तळाशी बसून टाकीचं पोट लहान करतात.

केळीचा खांब टाकायचा असेल तर बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि शेणाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्यात 90 टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणून तेवढं पाणी कमी घाला. लांब धागे नळीत अडकतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, तर टाकूच नका. तिच्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतं, आणि हवेशिवाय ते जवळजवळ कुजत नाही. ती वर तरंगते आणि जाड थर धरते, मग खालचे बुडबुडे वर येत नाहीत.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, वायू कमी होणारच. या जीवांना 35 अंशांच्या आसपास मानवतं, 20 च्या खाली ते सुस्तावतात. तेव्हा भल्या पहाटे गार पाण्यात शेण कालवू नका. पाणी उन्हात तापवा, दुपारी भरा. घुमटावर पाचट किंवा केळीच्या वाळक्या पानांचा थर ठेवा. टाकीला मिळणारी ऊब वाया घालवू नका.

नवीन टाकी असेल तर पहिला वायू पेटवायचा नाही. त्यात हवा मिसळलेली असते, आणि हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला तर स्फोट होऊ शकतो. दोन-तीनदा भरलेला वायू मोकळ्या जागी सोडून द्या, मग शेगडीवर पाहा. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, काडी कधीच नाही. पाइप टाकीकडे किंवा पाणी काढायच्या तोटीकडे उतरता ठेवा. वायूतली वाफ पाइपात गार होऊन साचली की ज्योत फडफडते.

काळ्या मातीत बांधणाऱ्यांनी तळाला आणि कडेला मुरूम भरावा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ताणाने घुमटाला बारीक चिरा जातात.

आणि गाळ काढायची वेळ आली, तर टाकीत कुणी उतरू नका. रिकामी दिसली तरी नाही. तळाशी कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून वास नाही यावर विसंबू नका. गाळ बाहेरूनच, पंपाने किंवा लांब दांड्याच्या बादलीने काढा.