शून्य लोकवस्तीच्या गावाचा सरपंच

मंडळी, फ्रान्समध्ये आज पस्तीस हजारांच्या आसपास 'कम्यून' आहेत. शब्द ऐकून साम्यवाद्यांची वसाहत डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडे ग्रामपंचायत वेगळी, नगरपालिका वेगळी, महापालिका त्याहून वेगळी. तिथे सगळ्यांना हा एकच शब्द. १७८९ च्या डिसेंबरात, क्रांतीच्या धामधुमीत, तसा कायदा झाला. त्यामुळे पॅरिसही कम्यून आणि द्रोम जिल्ह्यातलं रोशफुर्शाही कम्यून. या रोशफुर्शाची जनगणनेतली लोकसंख्या गेली कित्येक वर्षं एक आहे. हो, एक! आणि शंभराच्या आतल्या गावाला निवडून दिलेले सात पंचायत सदस्य, हा नियम त्यालाही लागू. मग मतदार आणायचे कुठून? तर गावात कर भरणारा माणूस राहत असला दुसरीकडे, तरी त्याला गावच्या मतदारयादीत नाव घालता येतं. मुंबईत राहून कोकणातल्या घराची घरपट्टी भरणाऱ्यांना हे आवडेल.

पण मला बोलायचंय ते एकाच्याही खालच्या आकड्याबद्दल.

ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दून शहराजवळ फ्लरी नावाचं गाव होतं. शेती आणि लाकूडकाम करणारं. १९१३ साली तिथे ४२२ माणसं राहत होती. पहिल्या महायुद्धात, २१ फेब्रुवारी १९१६ ला, जर्मन तोफा सुरू झाल्या आणि गावकऱ्यांना निघावं लागलं. त्या उन्हाळ्यात हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. 'गाव' आपण म्हणायचं. घेण्यासारखी एक भिंतसुद्धा तेव्हा धड उरली नव्हती. युद्धानंतर पाहिलं तर जमिनीत न फुटलेले तोफगोळे, विषारी वायूचे अवशेष, माणसांची हाडं. नांगर घालणं अशक्य. सरकारने हा सगळा पट्टा 'लाल विभाग' ठरवला आणि बऱ्याच भागात जंगल लावलं.

व्हर्दूनच्या परिसरात अशी नऊ गावं संपली. त्यांतल्या सहांत पुन्हा कुणीच राहायला आलं नाही. ती शेजारच्या गावांत विलीन करणं सोपं होतं. पण 'फ्रान्ससाठी मृत' हा सैनिकाच्या नावापुढे लागणारा शब्द या गावांच्या नावापुढे लागला आणि सहाही कम्यून कागदोपत्री जिवंत ठेवली गेली. मतदारच नाहीत, म्हणून निवडणूक नाही. सरकारचा जिल्हाप्रमुख, म्हणजे प्रीफे, तीन जणांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाला सरपंचाचे अधिकार असतात.

करतो काय हा सरपंच? प्रश्न रास्त आहे. शाळा नाही, नळाची तक्रार घेऊन येणारा नाही. तर स्मारकं राखणं, पायवाटा मोकळ्या ठेवणं, स्मृतिदिनाचे कार्यक्रम करणं. फ्लरीत चर्चच्या जागी छोटं प्रार्थनागृह आहे. पूर्वीच्या गल्ल्यांवर पायवाटा आखल्यात आणि जागोजागी पाट्या आहेत: इथे बेकरी, इथे लोहार, इथे शाळा. पाटीमागे बघावं तर गवताने भरलेला खड्डा. मला विचाराल तर संग्रहालयातल्या तोफेपेक्षा ही बेकरीची पाटी जास्त बोलते. तसं मोठं युद्धसंग्रहालयही याच हद्दीत आहे, १९६७ पासून, गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागी.

आणि त्याच संग्रहालयाजवळ २०१३ च्या मे महिन्यात खोदकामात २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष निघाले. जवळजवळ शंभर वर्षं ते फ्लरीतच राहत होते. जनगणनेच्या तक्त्यात मात्र गावासमोर आकडा तोच, शून्य.