अबरी : पाण्यावरून उचललेली नक्षी

पसरट तबकात दिसतंय ते नुसतं पाणी नाही. भिजवलेल्या डिंकाने ते दाटसर केलंय, म्हणून रंग बुडत नाही, वर तरंगतो. डिंकाऐवजी मेथ्यांचा बुळबुळीत चिकही चालतो.

आता कुंचला बोटावर झटकला. निळा थेंब पडला आणि बघता बघता बशीएवढा पसरला. रंगात बैलाचं पित्त घातलेलं असतं, ही किमया त्याची. त्यावर पांढरा, मग विटकरी. नवा थेंब आधीच्याला कडेला रेटतो, पण दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. सुई आडवी फिरते, उभी फिरते. संगमरवराच्या शिरा उमटायला लागतात.

कागद एका कडेने टेकवत न्यायचा. खाली हवा अडकली, तर तिथे पांढरा डाग राहतो. उचलला, की नक्षी कागदावर! तंतोतंत तशीच दुसरी मात्र निघत नाही.

हीच अबरी. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. तुर्कस्तानात हिला एब्रू म्हणतात, युरोपने तिच्यात संगमरवर पाहिला. आपल्या जुन्या पुस्तकबांधणीत शब्द अबरीच. ती पुठ्ठ्यावर आणि अस्तराला लागे, सुलेखनाच्या पानाला हाशिया, म्हणजे भोवतीचा समास, म्हणून येई. हिशेबाच्या वहीची कडाही रंगवत; एक पान फाडलं तरी नक्षी तुटायची. १७७५ साली अमेरिकेत निघालेल्या वीस डॉलरच्या नोटेला अशीच कडा होती, नकल करणाऱ्यांना अडवायला.

आणि आता एक जुनं चित्र. विजापूर, साधारण १६२५. हाडं वर आलेला घोडा आणि त्याचा स्वार. घोड्याचं अंग कुंचल्याने रंगवलेलं नाही, ते अबरीचं आहे. बाकीचा कागद झाकून हवा तेवढाच भाग रंगावर टेकवला, की असा आकार निघतो. विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात दख्खनने अबरीला पुठ्ठ्यावरून चित्रात आणलं. आज हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पुढे छापील कागद स्वस्त झाला आणि हाताची अबरी मागे पडली.

२०१४ साली युनेस्कोने तुर्की एब्रूला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. दख्खनच्या अबरीची अजून आपल्याकडेच धड नोंद नाही. घरात जुन्या बांधणीची पोथी किंवा वही असेल, तर रद्दीत घालण्याआधी पुठ्ठा उघडून अस्तर बघा. अबरी निघाली तर फोटो काढा, आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा.