वकट, लेंड, मूंड, नाल

(दृश्य: मातीत कोरलेली गल, तिच्यावर आडवी विटी. दांडूनं कोलल्याचा आवाज.)

बाभळीची एक वाळलेली फांदी. तिचा दीड हात तुकडा म्हणजे दांडू आणि चार-सहा बोटांचा, दोन्ही टोकांना तासलेला तुकडा म्हणजे विटी. टाचेनं उकरलेला लांबट खळगा ती गल. एवढ्या सामानावर आमची मे महिन्याची अख्खी सुट्टी निघायची.

(दृश्य: कोयत्यानं विटी तासणारे हात.)

खरं कसब तासण्यात. विटी मधे जाड आणि टोकांना निमुळती हवी, म्हणजे जमिनीवर ठेवली की टोकं अधांतरी राहतात. अशा टोकावर दांडू हलकेच आपटला की विटी गिरकी घेत उडते, आणि ती कमरेच्या उंचीवर असतानाच टोला बसायला हवा. जोरात आपटली तर डोक्यावरून जाते, टोक जास्त तासलं तर तिसऱ्या टोल्यालाच तुटतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. थोरली मुलं तासायची आणि आम्ही बघायचो.

(दृश्य: दांडूनं अंतर मोजणारा मुलगा.)

आपण गलीवरून कोललेली विटी समोरच्या भिडूनं गलीकडे परत फेकली की ती पडेल तिथून गलीपर्यंत दांडूनं मोजायचं. अंतर दांडूपेक्षा कमी भरलं तर आपण बाद. जास्त भरलं तर मोजत जायचं: वकट, लेंड, मूंड, नाल... मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्याच पद्धतीनं पुढचा टोला. आमच्या आळीत वकटाला विटी पायाच्या पंजावर ठेवायची, लेंडाला दोन बोटांच्या बेचक्यात, मूंडाला मुठीवर. पुढचे शब्द आणि पद्धती गावागणिक बदलतात, त्यावरून पाहुण्या मुलांशी आमची कडाक्याची भांडणं व्हायची.

हे शब्द आले कुठून, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. खेळातले शब्द खेळातलेच, असं वाटायचं.

(दृश्य: सोलापूर, पूर्व भागातली एक गल्ली. उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका.)

पुढे नोकरीसाठी सोलापूरला आलो. इथल्या पूर्व भागात विणकामासाठी येऊन पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली तेलुगु कुटुंबं राहतात. एका संध्याकाळी शेजारच्या उंबऱ्यात एक आजी सुपातल्या विड्या मोजत होत्या. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी होतो तिथंच थांबलो. ओकटि म्हणजे वकट. रेंडु म्हणजे लेंड. साताऱ्याकडच्या माझ्या गावात तेलुगु बोलणारं एकही घर नव्हतं, आणि तरी आम्ही सगळी पोरं रोज दुपारी तेलुगुत मोजत होतो!

हा खेळ मराठी मुलखात जुना आहे. १७व्या शतकातल्या तुकोबांच्या गाथेत हमामा, हुंबरी, चेंडूफळी यांच्या जोडीला विटूदांडूही आहे. तो उत्तरेत गिल्ली-डंडा होतो, कर्नाटकात चिन्नी-दांडू. पण आकडे या पोरांनी कुठल्या वाटेनं उचलले असतील? वाटसरूंबरोबर, बाजारात, की शेजारच्या गावच्या मुलांकडून? शाळेनं हे आकडे शिकवले नाहीत, आईबापांनी पाठ करून घेतले नाहीत. दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाकडे, असेच ते आले. मला याचं फार अप्रूप वाटतं.

(दृश्य: पेव्हर ब्लॉक बसवलेलं अंगण, कडेला उभ्या मोटारसायकली.)

आमच्या आळीत आता सिमेंट आहे. पावसाळ्यातला चिखल गेला, बायामाणसांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण सिमेंटमध्ये टाचेनं गल उकरत नाही.

(दृश्य: परसदार. सत्तरी ओलांडलेले आप्पा.)

या चित्रीकरणासाठी गावी गेलो तेव्हा थोरल्या चुलत्यांना विचारलं, "आप्पा, नालच्या पुढं काय हो?" आप्पा खाटेवर बसून बराच वेळ आठवत राहिले. "अरे, तोंडावर आहे रे," म्हणाले, पण येईना. मग पुतण्यानं नवा तासलेला दांडू त्यांच्या हातात दिला. ते उठले, धोतराचा सोगा खोचला, परसातल्या मातीत ओणवे झाले आणि तुळशीवृंदावनाच्या दिशेनं दांडू टाकत निघाले.

(निवेदन थांबते. आप्पांचा आवाज.)

"वकट... लेंड... मूंड... नाल... वई! वई रे, वई! ... आर..."